पर्जन्यछायेंतील पांच दिवस

प्रवासास निघावयाचें म्हटलें म्हणजे आपल्या मंडळींच्या मनांत दोनच वाटा उभ्या राहतात. एक तीर्थाची आणि दुसरी थंड हवेच्या ठिकाणाची. पहिलीनें पुण्य जोडतें व दुसरीनें प्रकृति सुधारते असा समज आहे, आणि तो अगदींच खोटा नाहीं. परंतु जेथें पाणी नाहीं, सांवली नाहीं, जेथील गांवांचीं नांवें वर्तमानपत्रांत केवळ दुष्काळाच्या मथळ्याखालीं येतात, अशा मुलखांत मुलांबाळांसह मुद्दाम पांच दिवस हिंडणारें कुटुंब विरळा. गेल्या पौषांत आम्ही तसे हिंडलों. त्या सहलीची हकीकत येथें देत आहों. ती करमणुकीसाठीं आहे, तशीच आमच्या घराण्याच्या एका जुन्या देण्याच्या आठवणीसाठींही आहे. तें देणें कोणतें हें ओघानें येईल.

आम्ही एकंदर चौदा माणसें होतों. वडील बंधु (यांना आम्ही दादा म्हणतों), वहिनी व त्यांची कन्या, आम्ही उभयतां व आमचे दोघे मुलगे, धाकटे बंधु, त्यांच्या पत्नी व तीन मुलें, आमच्या सासूबाई, आणि या सर्वांच्या वर आत्याबाई. आत्याबाई पंचाहत्तरीस टेकल्या आहेत. जन्मभर पुण्यांत शिक्षिकेचें काम केलें, लग्न केलें नाहीं, आणि भावाच्या तीनही मुलांना शिकविलें. त्यांचा शब्द आमच्या घरांत सहसा कोणी मोडीत नाहीं. कारण त्या तो फारसा टाकीत नाहींत.

सहलीचें निमित्त दुहेरी होतें. सासूबाईंना शिर्डीचें दर्शन घ्यावयाचें होतें हें एक. दुसरें असें कीं, कर्जत तालुक्यांत सीना नदीच्या बाजूस आमचें मूळ गांव. आमचे आजोबा तेथील कुळकर्णी. तें वतन इ. स. १९५१ त गेलें. पुढें कूळकायद्यान्वयें १९५७ नंतर जमिनीचा मोठा भाग कसणाऱ्यांकडे गेला. उरली ती सात एकर. १९७३ सालीं आजोबांनीं गांव सोडलें तेव्हांपासून ती जमीन एकाच घराकडे वाट्यानें आहे. कागद कोणताच नाहीं, ज्वारीचीं दोन पोतीं मात्र दरवर्षीं न चुकतां पुण्यास येतात. सातबाऱ्यावर आज चार नांवें आहेत, आम्हां तिघां भावांचीं व आत्याबाईंचें, आणि त्यांत निम्मा हिस्सा एकट्या आत्याबाईंचा. सूर्यशक्तीपासून वीज करणाऱ्या एका कंपनीच्या वतीनें एका मध्यस्थानें या जमिनीस चांगली किंमत देऊं केली होती. दादांच्या कन्येस परदेशांतील विद्यापीठांत प्रवेश मिळालेला. तेव्हां पैशाची गरज खरी होती. संमतिपत्रें तयार करून दादांनीं ती आपल्या चामडी पिशवींत घातलीं होतीं. आत्याबाई एवढेंच म्हणाल्या, "सही करायची ती जमीन पाहून करीन." म्हणून ही सहल.

पहिल्या दिवशीं पहांटे शिर्डीस दर्शन झालें. गर्दी नित्याचीच होती. नंतर आम्ही लेंडीबागेंत क्षणभर टेकलों. साईबाबांनीं १९१८ च्या विजयादशमीस देह ठेविला; त्यापूर्वीं ते स्वतः पाण्याचीं मडकीं खांद्यावरून वाहून फुलझाडें जगवीत असत, असें सांगतात. हें ऐकून आमच्या धाकट्या पुतण्यानें विचारलें, "पण इथें तर सगळीकडे ऊंस आहे, पाणी वाहायचें कारण काय?" प्रश्न योग्य होता. आज शिर्डीच्या आसपास दिसणारी हिरवळ ही आकाशाची नव्हे, कालव्यांची आहे. नांदूर मधमेश्वराच्या बंधाऱ्यापासून गोदावरीचे दोन कालवे विसाव्या शतकाच्या आरंभीं निघाले. दक्षिणेकडे प्रवरेवर भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें. त्या पाण्यावर ऊंस आला, उंसावर साखर आली, आणि १९५० सालीं विठ्ठलराव विखे पाटील व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनीं प्रवरेच्या काठीं लोणीस सहकारी साखर कारखाना उभा राहिला. कालव्याची रेघ जेथें संपते तेथें मात्र हिरवा रंगही एकाएकीं संपतो. कोल्हार, राहुरी मागें टाकून आम्ही नगरकडे निघालों तेव्हां ही सीमा मुलांनीं आपल्या डोळ्यांनीं पाहिली.

नगर जिल्हा, म्हणजे २०२४ सालापासूनचा अहिल्यानगर जिल्हा, विस्तारानें महाराष्ट्रांत सर्वांत मोठा. क्षेत्रफळ १७,०४८ चौरस किलोमीटर. त्याच्या पश्चिमेस अकोले तालुका, आणि त्यांत १,६४६ मीटर उंचीचें कळसूबाईचें शिखर. आषाढ-श्रावणांत अरबी समुद्रावरून आलेले ढग या सह्याद्रीच्या भिंतीवर चढतात, थंड होतात, आणि घाटघर-रतनवाडीच्या बाजूस हजारों मिलिमीटर पाऊस ओतून मोकळे होतात. भिंत ओलांडून तीच हवा पूर्वेकडे उतरूं लागली म्हणजे पुन्हां तापते आणि तिच्यांतील ओलावा पावसाच्या रूपानें पडेनासा होतो. त्यामुळें कर्जत, श्रीगोंदें, पारनेर, जामखेड या तालुक्यांस जेमतेम चारपांचशें मिलिमीटर पावसावर वर्ष काढावें लागतें, आणि त्यांतलाही पुष्कळसा परतीच्या वाऱ्याबरोबर भाद्रपद-आश्विनांत येतो. यालाच भूगोलांत पर्जन्यछाया म्हणतात. छाया हा शब्द आपल्याकडे सुखाचा. येथें मात्र तो तहानेचा आहे.

आम्हीं पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरांचे चार जार गाडींत घेतले होते. दादांच्या कन्येनें एक वही केली होती व तींत ती रोज किती पाणी खर्च झालें हें टिपून ठेवी. पहिल्या दिवशीं रात्रीं नगरला पोहोंचलों तेव्हां चारही जार रिकामे! हात धुणें, फळें धुणें, तोंडावर पाणी मारणें यांतच निम्मे गेले होते. वहींत तिनें त्या दिवसाखालीं तांबडी रेघ ओढली.

दुसरा दिवस नगर शहरांत गेला. हें शहर अहमद निजामशहानें पंधराव्या शतकाच्या अखेरीस वसविलें. भुईकोट किल्ला लष्कराच्या ताब्यांत आहे. १९४२ ते १९४५ पर्यंत पंडित नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव प्रभृति पुढारी येथेंच स्थानबद्ध होते, व येथेंच नेहरूंनीं आपला भारतशोधाचा ग्रंथ लिहिला हें सर्वश्रुत आहे. परंतु त्या कठीण भूमींत ते स्वतः खणून बाग करीत असत, ही गोष्ट मुलांना अधिक आवडली. मोठ्यांचें लक्ष मात्र दुसऱ्याच एका गोष्टीकडे वेधलें. निजामशाहींत या शहरास आसपासच्या टेकड्यांच्या पायथ्यापासून भूमिगत नळांनीं पाणी आणलेलें होतें. खापरी नळ म्हणून ते आजही ओळखले जातात. ज्या नगरींत नदी नांवापुरती, त्या नगरींत राजवाड्याभोंवतीं जलाशय राखणारा फराहबागेसारखा महाल १५८३ मध्यें पुरा होऊं शकला तो या नळांच्या जोरावर. सायंकाळीं शहराच्या पूर्वेस शाहडोंगरावर चढलों. लोक ज्याला चांदबिबीचा महाल म्हणतात ती वस्तुतः निजामशाहीचा मंत्री दुसरा सलाबतखान याची कबर. अष्टकोनी, तीन मजल्यांची, आणि दुरून पाहणारास एखाद्या जागल्याप्रमाणें भासणारी. वरून चोहोंकडचा मुलूख एका दृष्टींत येतो. उन्हें कललीं होतीं. माळाचा रंग क्षणाक्षणास पालटत होता, पिवळा, मग तपकिरी, मग जांभळट. सासूबाई म्हणाल्या, "हा देश कुरूप आहे असें मला वाटत होतें. तो कुरूप नाहीं. तो नटत नाहीं एवढेंच."

तिसऱ्या दिवशीं प्रथम नगरच्या पश्चिमेस हिवरें बाजार पाहिलें. या गांवाची कीर्ति पुष्कळांनीं ऐकली असेल. परंतु ऐकणें आणि तेथील विहिरींत डोकावणें यांत अंतर आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर हें गांव खालावत गेलें. माणसें पोटासाठीं बाहेर पडलीं. १९८९ सालीं पोपटराव पवार हे उच्चशिक्षित तरुण सरपंच झाले. शेजारच्या राळेगण सिद्धीस अण्णा हजारे यांनीं १९७५ पासून चालविलेलें काम डोळ्यांपुढें होतेंच. श्रमदानानें डोंगरउतारावर समपातळीचे चर खणले, बांध घातले, झाडतोड व मोकाट चराई बंद केली. हें सारें इतरत्रही थोडेंबहुत झालें आहे. हिवऱ्याचें वेगळेपण हिशेबांत आहे. पावसाळा सरला कीं पडलेला पाऊस मोजावयाचा, विहिरींची पातळी पाहावयाची, माणसांच्या व गुरांच्या पिण्याचें पाणी आधीं बाजूस काढावयाचें, आणि उरलेल्यावर कोणतें पीक घ्यावयाचें तें ग्रामसभेंत ठरवावयाचें. ऊंसकेळीस परवानगी नाहीं; शेतीसाठीं कूपनलिका खणण्यास बंदी. गांव सोडून गेलेलीं कित्येक घरें त्यामुळें परत आलीं. पवारांस २०२० सालची पद्मश्री मिळाली. आपल्याकडे पैशाचें अंदाजपत्रक करणारीं घरें पुष्कळ. पाण्याचें अंदाजपत्रक करणारें गांव आम्हीं प्रथमच पाहिलें. दादांच्या कन्येनें आपली वही उघडून त्या दिवसाच्या पानावर आधींच आंकडा लिहून टाकला: "आज चाळीस लिटर, अधिक नाहीं."

तेथून टाकळी ढोकेश्वरचें लेणें पाहिलें. टेकडीच्या पोटांत कोरलेलें हें शिवालय प्राचीन आहे. आंत पाऊल टाकतांच बाहेरचें ऊन एखाद्या दुसऱ्या जन्मांतलें वाटतें. मग निघोज. कुकडी नदी येथें नगर व पुणें या दोन जिल्ह्यांची सरहद्द होऊन वाहते. दोहों काठांवर मळगंगा देवीचीं देवळें आहेत, आणि मध्यें नदीनें काळ्या पाषाणांत जें कोरीव काम केलें आहे त्याला तोड नाहीं. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूगर्भांतून वाहून थिजलेल्या लाव्हाचा हा खडक. पुराच्या पाण्याबरोबर आलेले गोटे खडकाच्या बारीक खांचांत अडकतात, भोंवऱ्यांत गरगर फिरतात, आणि फिरतां फिरतां खांच खोल करीत जातात. अशा रीतीनें शेंकडों रांजण तयार झाले. कांहीं ओंजळीएवढे, कांहींत माणूस उभा बुडेल इतके खोल. आमच्या धाकट्या मुलानें एका रांजणाच्या तळाचा गुळगुळीत गोटा पाहून विचारलें, "खडक फोडला कोणीं, पाण्यानें कीं दगडानें?" आत्याबाई म्हणाल्या, "दोघांनींही नाहीं बाळ, सवयीनें." आणि त्या बराच वेळ गप्प बसल्या. त्या वेळीं आम्हांस त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ कळला नाहीं.

चौथ्या दिवशीं सकाळीं भातोडीचें तळें वाटेंत लागलें. १६२४ सालीं येथें मलिकअंबरानें मोंगल व आदिलशाही यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. तळें फोडून शत्रूच्या वाटेवर पाणी व चिखल केला, ही त्या लढाईंतील प्रसिद्ध युक्ति. शहाजीराजांचे बंधु शरीफजी याच रणांत पडले. ज्या मुलखांत पाण्यासाठीं प्राण जातात त्या मुलखांत पाण्याचेंच शस्त्र झालें, हा योगायोग मोठा विलक्षण.

दुपार कललीं तेव्हां आम्ही कर्जतजवळील रेहेकुरीस पोहोंचलों. काळविटांसाठीं १९८० सालीं राखून ठेविलेलें हें अभयारण्य अवघें २·१७ चौरस किलोमीटरांचें. अरण्य म्हणावें तर तेथें अरण्य नाहीं; गुडघाभर पिवळें गवत, मधून मधून बाभळी व बोरी, आणि वर अफाट आभाळ. पहिली पंधरा मिनिटें कांहींच दिसलें नाहीं. मग एकाएकीं गवताचाच एक भाग हलला व त्यांतून तांबूस माद्यांचा कळप बाहेर आला. त्यांच्या मागोमाग नर. पाठ काळीभोर, पोट पांढरेंशुभ्र, शिंगें मळसूत्रासारखीं पिळदार. आमच्या गाडीची चाहूल लागतांच एका मादीनें सरळ उभी उडी घेतली, तिच्यामागें दुसरीनें, तिसरीनें. जणूं कोणी जमिनीखालून त्यांना उडवीत होतें. मुलांस टाळ्या पिटण्याचा मोह झाला, तो आम्हीं आवरावयास लाविला.

येथें एक गोष्ट सांगणें अवश्य वाटतें. सरकारी दप्तरांत अशा माळास पडीक म्हणण्याची चाल फार जुनी आहे. पडीक म्हणजे रिकामें, आणि रिकामें म्हणजे कशाहीसाठीं मोकळें, असें आपण धरून चालतों. वस्तुतः हें गवत हेंच येथलें अरण्य. काळवीट, लांडगा, धनगरांचीं मेंढरें हीं सर्व त्यावर जगतात. एके काळीं माळढोक हा थोर पक्षी याच माळांवर दिसे. त्याच्यासाठीं १९७९ सालीं अभयारण्यही झालें. परंतु माळ तुटत गेले आणि आज महाराष्ट्रांतून तो जवळजवळ नाहींसा झाला आहे. दादा हें सारें ऐकत होते. त्यांनीं पिशवी मांडीवरून काढून बांकाखालीं ठेविली, एवढें आमच्या लक्षांत आहे.

संध्याकाळीं गांवांत शिरलों. आमचा वाडा केव्हांच पडला. त्याच्या जोत्यावर बाभूळ उगवली आहे. जमीन मात्र राखलेली होती. बांध धड, ताली नीट, आणि शाळूची ज्वारी छातीबरोबर. पावसाळ्यांत या काळ्या रानांत कांहीं न पेरतां ओल मुरवावयाची, व त्या सांठविलेल्या ओलीवर रब्बीची ज्वारी काढावयाची, ही येथली शहाणी रीत. जमीन कसणारे गृहस्थ साठीच्या घरांतले. त्यांनीं व त्यांच्या मुलासुनांनीं आगटी पेटवून ठेविली होती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेलीं कणसें सुपांत चोळून गरम हुरडा आमच्या हातांवर पडूं लागला. जोडीला शेंगदाण्याची चटणी, दही व गूळ. पुण्यास हुरडा मिळतो. पण तो विकत मिळतो. हा आम्हांस दिला जात होता, आणि दादांच्या पिशवींत काय आहे याची त्या घरास कल्पना असावी असें आम्हांस पदोपदीं वाटत होतें.

खाणें आटोपल्यावर आत्याबाई उठल्या व विहिरीकडे चालूं लागल्या. आम्ही सर्व मागें गेलों. विहीर दगडी, चौकोनी. तळाशीं हातभर गढूळ पाणी, गाळ पुष्कळ. काठावर हात टेकून आत्याबाई बोलूं लागल्या. त्यांचें बोलणें आम्ही शक्य तितकें त्यांच्याच शब्दांत देतों.

"बहात्तरचें साल. मी एकवीस वर्षांची. गांवच्या सगळ्या विहिरी आटल्या, ही एवढी राहिली. तोंवर हिच्यावर तीन घरांचें पाणी होतें. लोक आले, वडिलांना म्हणाले, पाणी द्या. वडील आठ दिवस विचार करीत होते, आजीचा विरोध. शेवटीं ठरलें कीं पाणी द्यायचें, पण काहींच्या हातीं दोर द्यायचा नाहीं. आपण शेंदायचें आणि वरून ओतायचें. तें काम माझ्याकडे आलें. मी वर उभी, आणि ह्यांची आई खालीं घागर धरून. दिवसभर ती खडीच्या कामावर दगड फोडी आणि तिन्हीसांजेला इथें येई. पाणी ओततांना तिच्या हातांवर सांडे. मला वाटे, हिच्या हाताला पाणी लागलेलें चालतें, मग हाताला दोर लागलेला कां चालत नाहीं? वाटे, पण मी बोललें नाहीं. चैत्रांत हीही आटली. आम्ही मालमोटारींत सामान घालून पुण्यास गेलों. जी खालीं उभी होती ती इथें राहिली."

कोणी कांहीं बोललें नाहीं. दुष्काळाचा इतिहास आम्हीं पुस्तकांत वाचलेला होता. त्या सालीं महाराष्ट्रांत लाखों माणसें रस्त्यांच्या, पाझर तलावांच्या व बांधांच्या कामांवर होतीं, मुलांना सुकडी वांटली जात असे, वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून आलेली रोजगार हमी त्याच वेळीं रुजली, १९७७ सालीं तिचा कायदा झाला, आणि पुढें २००५ मध्यें तिच्या धर्तीवर साऱ्या देशासाठीं कायदा झाला. हें सर्व आम्हांस पाठ होतें. परंतु आमच्याच विहिरीच्या काठावर कोण वर उभें होतें व कोण खालीं, हें आम्हांस आजवर कोणीं सांगितलें नव्हतें, आणि आम्हींही कधीं विचारलें नव्हतें.

ते गृहस्थ थोडा वेळ थांबून म्हणाले, "आक्का, आमची आय सांगायची, त्या सालीं कुळकर्ण्याच्या हिरीनं जगवलं. बाकी ती काय बोलली न्हाई."

आत्याबाई म्हणाल्या, "ती जें बोलली नाहीं तेंच मला ठाऊक आहे."

मग आत्याबाईंनीं सरळ विचारलें, "जमीन विकायचें चाललें आहे. तुमचें म्हणणें काय?" त्यांनीं विनवणी केली नाहीं कीं हक्क सांगितला नाहीं. ते म्हणाले, "मालक तुम्ही. इका. पर ज्वारी निघूं द्या, उभ्या पिकांत खुणा नका ठोकूं." थोडें थांबून त्यांनीं एवढेंच जोडलें, "घ्यायची ऐपत आमची एकदम न्हाई. पांच सुगींत हुईल." पन्नास वर्षें कसलेल्या जमिनीविषयीं माणूस इतकें थोडें बोलूं शकतो, हें पाहून आम्हांस आपल्या वक्तृत्वाची लाज वाटली.

त्या रात्रीं गांवच्या शाळेच्या व्हरांड्यांत अंथरुणें पडलीं, आणि मुलें निजल्यावर आमचा वाद झाला. दादांची बाजू आम्ही येथें लपविणार नाहीं. ते म्हणाले, "मला मुलीचें शिक्षण आहे. कंपनीचा पैसा एकरकमी, ह्यांचा पांच वर्षांनीं, आणि तोही निम्माच. शिवाय सूर्यशक्ति हें कांहीं पाप नव्हे. या मुलखाला पाणी नाहीं, ऊन आहे, तर उन्हाचेंच पीक कां काढूं नये?" यांतील एकही वाक्य खोडून काढण्यासारखें नव्हतें. धाकटे बंधु म्हणाले कीं उन्हाचें पीक खडकाळ माळरानावरही निघेल, काळें रानच कशाला हवें. तर दादा म्हणाले कीं मागणी काळ्या रानास आली आहे, खडकास नाहीं. आत्याबाई सर्व ऐकून घेऊन म्हणाल्या, "माझा निम्मा हिस्सा मी ह्यांना देणार, जी किंमत त्यांना पांच सुगींत फिटेल ती. हें दान नव्हे. त्यांच्याकडून पैसे न घेणें म्हणजे पुन्हां वरून ओतणें होईल. तुमच्या हिश्श्यांचें तुम्ही पाहा. मी कोणाला शपथ घालणार नाहीं." आम्हीं व धाकट्या बंधूंनीं आत्याबाईंची वाट धरली. दादा कांहींच बोलले नाहींत. त्यांची कन्या मात्र उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली, व बराच वेळ बापलेक अंधाराकडे पाहत राहिलीं.

पांचव्या दिवशीं परततांना वाट वांकडी करून सीनेकाठचें चौंडी पाहिलें. १७२५ सालीं अहिल्याबाई होळकर या गांवीं जन्मल्या. काशीपासून रामेश्वरापर्यंत त्यांनीं देवळें व घाट बांधविले, विहिरी व बारवा खणविल्या, हें लहानपणापासून ऐकत आलों आहों. पण हा कोरडा मुलूख पाहून झाल्यावर त्या दानाचा उगम आम्हांस निराळ्या रीतीनें समजला. पाण्याची किंमत ज्यानें लहानपणीं डोक्यावरून वाहिली, त्यालाच मोठेपणीं दुसऱ्याची तहान दिसते.

आमच्यामागून जाऊं इच्छिणाऱ्या वाचकांसाठीं दोन शब्द. मार्गशीर्ष व पौष हे महिने उत्तम. फाल्गुनानंतर ऊन लहान मुलांना सोसत नाहीं. नगर शहर मुक्कामास धरावें व तेथून रोज एकेक दिशा घ्यावी. दशम्या, मेतकूट, लाडू हें बरोबर असावेंच. निघोजचे खडक गुळगुळीत आहेत, मुलांचा हात सोडूं नये. रेहेकुरीस गोंगाट करूं नये. आणि पाण्याची वही अवश्य ठेवावी. आमच्या वहीप्रमाणें पहिल्या दिवशीं ऐंशीं लिटर पाणी लागलें, व शेवटच्या दिवशीं बत्तीस. आणि आम्ही कोणी तहानेलों नाहीं.

जमिनीचा निकाल काय झाला, असें वाचक विचारतील. आत्याबाईंचा कागद झाला. दादांची संमतिपत्रें अजून त्यांच्याच पिशवींत आहेत. मुलीच्या शिक्षणासाठीं त्यांनीं बँकेचें कर्ज काढलें, तें त्यांना जड जाणार आहे, आणि तसें ते स्पष्ट बोलूनही दाखवितात. परवां त्यांचा दूरध्वनि आला. विक्रीविषयीं त्यांनीं अवाक्षर काढलें नाहीं. "त्या विहिरींतला गाळ काढायचा तर किती खर्च येईल, तेवढें विचारून ठेव," एवढेंच म्हणाले, आणि आम्ही कांहीं बोलण्यापूर्वींच त्यांनीं फोन ठेविला.